एका इमारतीचं पान

काय काढायचं, असं विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "काय बी काढायचं न्हाई."

साहेब म्हणजे कोल्हापुरातले एक जुने आरसीसीवाले. इमारतीत खांब कुठं घ्यायचे, तुळई केवढी ठेवायची, स्लॅबमध्ये लोखंड किती घालायचं, हे ठरवून देणारं त्यांचं ऑफिस राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर होतं. घर बांधणारा माणूस आधी प्लॉट बघतो, मग मुहूर्त बघतो आणि मग माझ्याकडे येतो, असं ते स्वतःच सांगायचे. मी त्याच भागात, थोड्याच गल्ल्या सोडून, एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत वेबसाइट बनवायचं दुकान मांडलं होतं. दुकान हा शब्द आमच्या घरच्यांचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पुण्याला जायचं सोडून इथंच राहिले. तेव्हापासून मी नेमकं काय करते हे घरात कोणालाच सांगता येत नसे, म्हणून दुकान.

साहेबांची वेबसाइट त्यांच्या कुठल्याशा भाच्यानं हौसेनं केलेली होती. काळी पाटी, पिवळी अक्षरं, वर सरकणारी स्वागताची पट्टी, खाली किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. त्यातला निम्मा आकडा साहेबांचाच असणार, कारण ते रोज सकाळी ऑफिसात आले की देवाला उदबत्ती लावून आधी आपली वेबसाइट उघडायचे. आत मात्र माल खच्चून भरलेला. हात लावलेल्या प्रत्येक इमारतीचं एक पान. राजारामपुरीतले फ्लॅट, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या शेड, चंदगडकडची पावसानं काळी पडलेली एक शाळा. प्रत्येक पानावर पायाचा नारळ, लोखंडाची जाळी, स्लॅबचा दिवस आणि त्या दिवशी गड्यांना घातलेली पंगत, असे फोटो क्रमानं लावलेले. शिवाय त्यांचे लेख. वाळू कशी ओळखावी, गवंड्याशी कुठल्या मुद्द्यावर भांडावं आणि कुठल्या मुद्द्यावर नाही, असले. मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड दिसत नसत, म्हणून भाच्यानं सगळे लेख कागदावर छापून, स्कॅन करून चिकटवले होते. एक लेख उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

साहेबांचा मुलगा शिकून पुण्याहून परत आला होता. त्याला ऑफिसात धाकटे साहेब म्हणत. नवी वेबसाइट त्याला हवी होती. पांढरी, मोकळी, इंग्रजीत, मोजक्या कामांचे मोजके फोटो असलेली. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी तसंच होमपेज करून नेलं. साहेबांनी चष्मा नाकावर ओढला, बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ही एवढी जागा मोकळी का सोडल्यास? प्लॉट विकायचाय?"

मग आमची रोजची लढाई सुरू झाली. मी म्हणायची, नारळ फोडतानाचे फोटो काढू. ते म्हणायचे, नारळ काढला तर इमारत उभी राहीलच कशी. मी म्हणायची, पंगतीचे फोटो कोणी बघत नाही. ते म्हणायचे, "जो जेवलाय त्यो बघतोय की." एका शेडच्या पानावर नुसता एक कुत्रा वाळूच्या ढिगावर बसलेला होता, तोही काढू देईनात. तो कुत्रा त्या कामावर पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होता म्हणे. मला राग यायचा. मी तोंडाची तिखट आहे, घरात सगळे तसंच म्हणतात. पण त्या माणसावर रागावून काही उपयोग नसे, कारण ते रागाचा मान ठेवून चहा मागवायचे.

काहीच काढायचं नाही म्हटल्यावर सगळं लावून ठेवणं आलं. त्यासाठी मला सगळं वाचावं लागलं. दुपारभर मी ती पानं उघडायची, कुठली इमारत कुठल्या गटात जाते ते ठरवायची, लेख पुन्हा टाइप करून घ्यायची. साहेबांचे लेख गप्पांसारखे होते, वाचताना हसू यायचं. एक लेख तेवढा वेगळा होता. स्लॅब एकदा ओतायला घेतला की पुरा होईपर्यंत थांबवायचा नाही, निम्म्यात थांबला की जुनं आणि नवं काँक्रीट एकजीव होत नाही, मधे कायमची फट राहते, असं त्यात होतं. सांगायची गोष्ट एवढीच. पण सांगण्याची रीत साहेबांची नव्हती. विनोद नाही, म्हण नाही. थांबवणाऱ्याला नालायक म्हटलं होतं, आणि तेही एकदा नाही. कोणावर एवढे भडकलेत हे, असं मला वाटलं आणि मी पुढच्या लेखाकडे गेले.

त्या कामातच मला ताईच्या इमारतीचं पान सापडलं.

ताई माझी थोरली बहीण. तिचा फ्लॅट राजारामपुरीतच, सगळ्यात वरच्या मजल्यावर. माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतका जवळ, त्यामुळे दुपारचं जेवण माझं तिच्याकडेच असायचं. भावोजी एसटीत कंडक्टर, चंदगडच्या गाडीवर. ते मुक्कामाला बाहेर असले की घरात ताई आणि तिचा क्लास. पहिली ते चौथीची पोरं संध्याकाळी यायची, बाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि हॉलभर सतरंजीवर पाढे चालायचे.

आमच्या घराण्यात स्लॅबच्या घरात राहायला गेलेलं पहिलं माणूस म्हणजे ताई. आमचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या स्लॅबला घमेली उचलत आले. ताईनं फ्लॅट घेतला तेव्हा घरी भंते आले, बुद्धवंदना झाली, आणि वंदना संपल्यावर वडील हॉलच्या मधोमध उताणे झोपले आणि कितीतरी वेळ नुसते छताकडे बघत राहिले. आता ते नाहीत. पण त्या फ्लॅटची किंमत आमच्या घरात काय होती हे सांगायला मला दुसरं काही सुचत नाही.

त्या छतावर एक रेघ होती. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, थोडी वाकडी, ओली. पहिल्याच पावसाळ्यात ती दिसली. ताईला त्याचं काही वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. आमचं गाव चंदगड तालुक्यातलं. तिथं पाऊस घरात यायचाच. कौलं गळायची, आई त्याखाली पातेली मांडायची आणि पातेल्यांच्या मधून वाट काढत आम्ही जेवायचो. गळणं म्हणजे घराचा स्वभाव, असंच आम्ही धरून चाललो होतो. ताई पावसाळ्यात रेघेखाली बादली ठेवायची आणि दिवाळीला वरून रंगाचा हात मारायची. नवीन पावसात रेघ पुन्हा उगवायची.

पान सापडलं तेव्हा मला आनंदच झाला. साहेबांचंच काम आहे, असं मी ताईला जेवताना सांगितलं. तिलाही बरं वाटलं. "मग घर पक्कं हाय म्हणायचं," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

त्याच सुमाराला ताईच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर बसला. तेव्हा राजारामपुरीत गच्ची दिसली की टॉवर बसत होता. कंपनी सोसायटीला भाडं द्यायची, लोक खूश असायचे. लोखंडी खांब, डबे, एक जनरेटर, सगळं ताईच्या डोक्यावर आलं. लाइट गेली की जनरेटर सुरू व्हायचा आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटातले कप एकमेकांना लागून वाजायचे. ताई म्हणायची, बरंय, पोरं गप्प बसतात, आवाज ऐकत. त्या पावसाळ्यात रेघेचा रंग बदलला. आधी ती करडी असायची, आता तांबूस झाली. मधेच पोपडे पडायचे. मी विचारलं तर ताई म्हणाली, रंग हलका लागला असेल.

पाऊस चांगला लागून राहिला होता तेव्हाची गोष्ट. नवी वेबसाइट जवळजवळ तयार होती. साहेब कधी माझ्या खोलीवर आले नव्हते, नेहमी मीच त्यांच्याकडे जायची. त्या दिवशी सकाळी ते स्वतः जिना चढून आले. धाप लागली होती. बसा म्हटलं तर बसले नाहीत. त्यांनी एका इमारतीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "हे पान काढ."

मला वाटलं थट्टा करतायत. इतके महिने ज्या माणसानं वाळूवरचा कुत्रा काढू दिला नाही, त्यानं अख्खी इमारत काढायला सांगावी? मी हसून विचारलं, "नारळासकट?"

ते हसले नाहीत. "सगळं काढ. फोटो, मजकूर, नाव. यादीत बी नको. शोधलं तर सापडाय नको."

"का पण, साहेब?"

"मी सांगतोय म्हणून."

ती इमारत ताईची होती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मी म्हटलं, "माझी बहीण राहते तिथं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. आणि एकच विचारलं, "कुठल्या मजल्यावर?"

"वरच्या."

चहावाला तेवढ्यात दोन कप ठेवून गेला. साहेबांनी कपाला हात लावला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, ते जिना उतरून गेले. चहा टाकून गेलेले साहेब मी त्यांच्या ओळखीत पहिल्यांदाच बघितले, आणि मला खरोखर भीती वाटली.

मी पान काढलं नाही. उघडलं. आधी मी ते पान लावून टाकण्यापुरतं बघितलं होतं, आता नीट बघितलं. नारळ होता, लोखंड होतं. स्लॅबच्या दिवसाचा फोटो भर दुपारचा, शेजारच्या उंच गच्चीवरून काढलेला, खालच्या मोकळ्या जागेत पंगत बसलेली. फेटे बांधलेले दोन पाहुणे, त्यांच्या शेजारी तरुण दिसणारे साहेब, पुढं मिस्त्री, गडी, बायका. सगळ्यांच्या पानात मटण. आणि मागे, वर, शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिसत होता. निम्म्या भागात काँक्रीट. निम्म्या भागात नुसती लोखंडाची जाळी, आकाशाला उघडी. वर एकही माणूस नव्हता. तो शिव्यांचा लेख मला त्या क्षणी आठवला.

मी तडक त्यांच्या ऑफिसात गेले. साहेब नव्हते, धाकटे साहेब होते. मी विचारलं त्या इमारतीचं काय आहे. तो आधी म्हणाला, काही नाही. मग दार लोटून घेतलं. टॉवर बसवायच्या आधी सोसायटीची माणसं, छत वजन पेलतं असा दाखला मागायला आली होती, वडिलांनी दिला नाही, एवढं त्यानं सांगितलं. सोसायटीनं दुसऱ्या कोणाकडून तरी दाखला आणला, ते वडिलांना परवाच कळलं. वडिलांनी दाखला नाकारला हे कुठं लिहिलेलं नाही. उद्या काही झालं तर लोक वेबसाइटवर नाव शोधणार.

"काही झालं तर म्हणजे काय?" मी विचारलं.

"हे बघ, जुन्या इमारतींचं काही ना काही असतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू वेबसाइट करतेस ना? वेबसाइट कर."

मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली एवढं सांगते.

ताईकडे गेले तर ती तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. फोटो, पान, दाखला. ती ऐकून घेत होती आणि खडे बाजूला टाकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "एवढी वर्सं हाय की घर उभं. आत्ताच काय झालं त्याला?" मी म्हटलं आजच्या आज माझ्याकडे चल. ती चिडली. क्लास कुठं घ्यायचा, पोरांची परीक्षा कोण घेणार, भावोजी आल्यावर त्यांना काय सांगायचं. आणि मग ती म्हणाली, "ह्यो फ्लॅट सोडून मी कुठं जाऊ? दुसरं हाय काय आमच्याकडं?" वर जनरेटर सुरू झाला आणि कपाटातले कप वाजायला लागले.

त्यानंतर मी साहेबांचा पिच्छा पुरवला. फोन केला की ते बाहेर गेलेले असायचे. ऑफिसात गेले की कागलला साइटवर असायचे. पाऊस पडतच होता. ताईकडे जेवायला बसले की माझी नजर आपोआप वर जायची. ताईला ते कळायचं आणि ती मुद्दाम मला रेघेखालच्या बाजूला ताट वाढायची. बहिणी अशाच असतात. शेवटी मी ऑफिसात निरोप ठेवला, की साहेब ताईच्या घरी येऊन छत बघेपर्यंत मी पान काढणार नाही, उलट ते पहिल्या पानावर लावीन. धमकीच होती ती. मला तिची लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर साहेब आले. एकटेच, छत्री टेकत. ताईनं दार उघडलं, "या की साहेब, आत या," म्हणाली आणि घरातली चांगली खुर्ची पंख्याखाली ओढून ठेवली. पाहुण्याला पंख्याखाली बसवायचं, ही आमच्याकडची रीत. पंखा रेघेच्या शेजारीच होता. साहेब आत आले, पण खुर्चीकडे गेले नाहीत. दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि वर बघू लागले.

"बसा की," ताई म्हणाली.

"हितंच बरा हाय." मग त्यांनी विचारलं, "लांब काठी हाय काय?"

ताईनं जळमटं काढायचा झाडू आणून दिला. साहेबांनी तो उलटा धरला आणि दांडा छताला ठोकायला सुरुवात केली. भिंतीजवळ आवाज खणखणीत येत होता. ते हात लांब करून थोडं थोडं पुढं ठोकत गेले. रेघ जवळ आली तसा आवाज उतरला. रेघेवर तो पोकळ आला, रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा. त्यांनी पलीकडे ठोकून बघितलं. तिथंही पोकळ. पुन्हा एकदा हलक्या हातानं ठोकलं तेव्हा हाताएवढा पोपडा सुटून खुर्चीवर पडला. आतून लोखंडाची सळई दिसत होती. तिला लोखंड म्हणायचं म्हणून म्हणायचं, नुसता तांबडा भुगा धरून राहिला होता.

साहेबांनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"माझ्या देखत झालंय हे," ते म्हणाले. "बिल्डरच्या लेकीची सोयरीक नुकती जमली हुती. व्याही स्लॅब बघाय आलते. श्रावण तोंडावर, मटण त्याच दिवशी शिजणार. स्लॅब निम्मा झालता आन् खालनं निरोप, पानं वाढल्यात. मी म्हटलं, तुमी जेवून घ्या, स्लॅब थांबायचा न्हाई. तर व्याही म्हणाले, साहेब बसल्याबिगर आमी घासाला हात लावत न्हाई. बिल्डर हातापाया पडाय लागला. लेकीचं सासर, काय म्हणतील. मी बसलो. मी बसलो म्हणून मिस्त्री बसला. मिस्त्री बसला म्हणून गडी बसले. पंगत उठली आन् लगीच पावसाची सर आली. वर जाऊन बघतोय तर काँक्रीटचा काठ घट्ट झालेला."

"मग तोडायचा की तेवढा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुम्हीच लिहिलंय ना, नालायक म्हणून?"

"तोडाय पायजे हुता. मिस्त्रीबी म्हणाला. पर व्याही वर आलते बघाय. त्यांच्यासमोर तोडा म्हणायचं म्हणजे बिल्डरची अब्रू जाणार, माझी बी. म्हटलं वरनं सिमेंटचा माल मारू, भागंल. टॉवर नसता तर भागलं बी असतं आणखी काही वर्सं." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यो लेख मी माझ्यावरच लिवलाय पोरी."

मला ओरडायचं होतं. एका जेवणासाठी, असं म्हणायचं होतं. ताईच मधे बोलली, हळू आवाजात. "व्याह्यांना उपाशी कसं ठेवणार," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला ते कळलं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त संताप आला. आमच्याही घरात व्याही पानावर बसून थांबले असते तर आम्हीही तेच केलं असतं, हे मला माहीत होतं.

"मग आता काय करायचं, ते सांगा," ताई म्हणाली. "दुरुस्त हुतंय का?"

साहेब उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यात गलका झाला. क्लासची वेळ झाली होती. पोरं नेहमीसारखी धापा टाकत वर आली, चपला भिरकावल्या, ओल्या छत्र्या कोपऱ्यात टाकल्या आणि आपापल्या जागेवर जाऊन बसली. पुढची रांग रेघेच्या अलीकडे, मधली बरोबर खाली, मागची पलीकडे. एकीनं खुर्चीवरचा पोपडा उचलून खिडकीतून बाहेर टाकला. कोणीतरी पाढा सुरूही केला. ताई मुकाट्यानं खडू घ्यायला वळली, सवयीनं.

"पोरं उठवा," साहेब म्हणाले.

ताई थांबली. खडू हातात तसाच. तिनं साहेबांकडे बघितलं, आणि तिचा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही, इतक्या सरळ आवाजात तिनं तो विचारला. "आजच्यापुरती, का कायमची?"

"आधी उठवा, बाई. पाया पडतो तुमच्या."

तेवढ्यात लाइट गेली. वर जनरेटर सुरू झाला आणि कपाटात कप वाजायला लागले. ताई पोरांना म्हणाली, "दप्तरं उचला. सुट्टी आज." पोरांना काय, सुट्टी म्हणजे सुट्टी. ती आरडाओरडा करत एकदम उठली आणि दाराकडे धावली. साहेब दोन्ही हात पसरून दारात आडवे उभे राहिले. "पळू नका रे! नाचू नका! एकेक जण चला, एकेक," असं ते ओरडत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरं त्यांना हसत होती. मी एकेका पोराला दंडाला धरून रेघेच्या अलीकडे घेत होते आणि साहेबांच्या हाताखालून जिन्यात सोडत होते.

शेवटचं पोर उतरलं. मी मागे वळून बघितलं. ताई अजून तिथंच होती, पंख्याखाली, रिकाम्या सतरंजीवर. ये म्हटलं मी, चल लवकर ये. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खोलीभर नजर फिरवली. आपल्याच घरात कुठं उभं राहावं, ते तिला कळत नव्हतं.